माझी चप्पल आणि नॉर्वेची चिलखती गाडी

माझी डाव्या पायाची चप्पल अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात राहिली आहे. हरवलेली नाही. कुठे आहे आणि कशावर टांगलेली आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या वाचनालयातल्या बायकांनी "काय काय पाहिलंस ते लिहून काढ" असा लकडा लावला, तेव्हा मी आधी विमानतळ, मग विमान, मग मोठमोठी दुकानं असं रीतसर लिहायला बसले होते. पण वाचता वाचता मलाच झोप आली. विमानात सगळ्यांना एकसारखंच अवघडून बसावं लागतं, त्यात नवीन काय सांगणार? म्हणून ते फाडून टाकलं आणि चपलेपाशी आले.

ईडन प्रेरी

मुग्धा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिची अकरावी-बारावी नगरला माझ्याकडे झाली. मी स्वतः सातवीत शाळा सोडलेली, पुढे बालवाडीत मदतनीस म्हणून राहिले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता मुग्धा आणि तिचा नवरा निखिल ईडन प्रेरी नावाच्या गावात असतात, दोघंही कंपनीत. "आत्या, तू ये, तिकीट मी पाठवते" असं ती दोन वर्षं म्हणत होती आणि मी दोन वर्षं घाबरत होते. इंग्रजी येत नाही, पोटाला तिथलं काही मानवलं नाही तर काय, तिथे आजारी पडले तर या पोरांना किती भुर्दंड. शेवटी गेलेच.

गेले खरी, पण पासपोर्टची पिशवी मी घरातसुद्धा कमरेला बांधून हिंडत होते. मुग्धा म्हणायची, "आत्या, आंघोळीला तरी काढतेस ना?" आणि मी सगळ्यांना थँक्यू म्हणायचे, तेवढा एक शब्द मला नीट येतो. दुकानातल्या मुलीला, बस थांबवणाऱ्याला, कुत्रा आवरून धरणाऱ्या शेजारणीला. एकदा दुकानाचं दार आपोआप उघडलं, तेव्हा त्यालाही म्हणाले. निखिल हसून हसून खाली बसला होता.

गाव नीटनेटकं. तळी, तळ्यावर मोठमोठी बदकं, आणि शांतता इतकी की आपल्याच बांगड्यांचा आवाज येतो. संध्याकाळी आपली माणसं फिरायला निघालेली दिसतात, "काकू, कधी आलात?" म्हणून थांबतात. त्यांची मुलं आपण मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात आणि सायकल दामटतात.

निखिल नागपूरचा. आठवडाभर कॉम्प्युटरवर बसतो, आणि शनिवारी हाताला ग्रीस लागलं नाही तर त्याला सुट्टी झाल्यासारखी वाटत नाही. तासाभराच्या अंतरावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे जुन्या लष्करी गाड्या आहेत, त्या दुरुस्त करायला तो जातो. मुग्धा म्हणते, "याचं पहिलं लग्न माझ्याशी झालं, दुसरं त्या लोखंडी डब्याशी."

"लोखंडी नाही, ॲल्युमिनियमचा आहे," निखिल म्हणाला. "आत्या, तुम्ही चला ना या शनिवारी. लोकांना बघायला खुलं असतं. घरी बसून काय करून राहणार?"

आता आम्ही नगरची माणसं. रणगाडा आम्हाला नवा नाही. लष्कराचा सराव सुरू झाला की खिडकीची तावदानं थरथरतात, बालवाडीतली पोरं क्षणभर थांबतात आणि पुन्हा खिचडी खायला लागतात. पण आमच्याकडे रणगाडा म्हणजे कुंपणापलीकडची वस्तू. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी रणगाडा असतो हे काही माझ्या डोक्यात शिरेना. म्हणून निघाले.

शेताकडे

सप्टेंबर सरत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका वाळून पिवळा झालेला. गाडी थांबवून काच खाली केली तर त्या पानांचा आवाज थेट आपल्याकडच्या कडब्यासारखा. मी बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. परक्याच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं?

वाटेत निखिल सारखं घड्याळ बघत होता. मुग्धाने विचारलं तेव्हा म्हणाला, "आर्नचं टेन्शन आहे यार." आर्न म्हणजे तो शेतकरी, ऐंशी ओलांडलेला. बायको गेल्यापासून एकटा. त्याची मुलगी करीन जवळच्या गावात शाळेत शिकवते आणि सुट्टीला येऊन सगळं बघते. उन्हाळ्यात आर्नने एक गाडी फाटकाला घासली होती. तेव्हापासून करीनचं म्हणणं, की बाबांनी आता या गाड्या चालवू नयेत. शेवटी दोघांत ठरलं होतं, की आजचा दिवस नीट पार पडला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती काही बोलणार नाही. काही गडबड झाली तर मात्र त्याने किल्ली द्यायची.

"म्हणजे आज त्यांची परीक्षा," मी म्हणाले.

"तसंच समजा."

आपल्यामुळे काही व्हायला नको, एवढंच मनाशी म्हणत मी पिशवीची गाठ चाचपली.

आर्नच्या आवारात

आर्न उंच, थोडा वाकलेला, वाऱ्याने कान लाल झालेला माणूस. निखिलने शिकवलेला "नमस्ते" त्याने दोन्ही हात जोडून केला, आणि मुग्धा मला आत्या म्हणते हे ऐकून तोही मला आत्याच म्हणू लागला.

आवारात गाड्या ओळीने उभ्या होत्या. हिरव्या, त्यावर काळे-तपकिरी पट्टे, काहींवर बर्फात लपण्यासाठी पांढरे फराटे. एक छोटासा रणगाडा. ट्रकमागे ओढून न्यायची एक तोफ. रणगाड्यासारखी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी दुसरी एक मोठी तोफ, तिच्या नळीच्या टोकावर चिमणीने घरटं केलेलं. तोफांच्या नळ्यांत लोखंड घालून त्या कायमच्या बंद केलेल्या होत्या. तसं केल्याशिवाय त्या घरी ठेवता येत नाहीत, असं निखिलने सांगितलं. मी बोट लावून पाहिलं. खरंच, आत बोटभरसुद्धा जागा नव्हती.

हे सगळं नॉर्वे या देशाच्या सैन्यातून निवृत्त झालेलं. नॉर्वे म्हणजे युरोपात वर, बर्फातला देश. तिथली सगळी माणसं आपल्या मुंबईत मावतील आणि वर जागा उरेल. आर्नचे आजोबा तिथून बोटीने आले. नातवाला वाटलं, आपल्याकडे आजोबांच्या देशाचं काहीतरी असावं. लोक ताटल्या आणतात, लोकरीचे स्वेटर आणतात. याने तोफा आणल्या.

सर्वांत आवडती होती ती चिलखती गाडी, म्हणजे निखिलचा डबा. चौकोनी, बसकी, चाकांऐवजी पट्टे. सैनिकांना आत बसवून न्यायची. आर्न सांगत होता आणि मुग्धा मला मराठीत सांगत होती. ही गाडी मुळात अमेरिकेतच तयार झाली, जवळजवळ माझ्याच वयाची. नवी कोरी असताना बोटीने नॉर्वेला गेली, आयुष्यभर तिथल्या बर्फात राबली, आणि सैन्याने काढून टाकल्यावर आर्नने ती परत इकडे आणली.

"म्हणजे माहेरी आली," मी म्हणाले.

मुग्धाला माहेरासाठी इंग्रजीत शब्द सापडेना. तिने बरंच काही सांगितलं. आर्नने ऐकून घेतलं, मग मला आत बोट दाखवून म्हणाला, "पण हिला आता इथलं काही वाचता येत नाही. बघा, सगळ्या पाट्या तिकडच्या भाषेत."

"तुम्हाला वाचता येतात?"

"थोड्याशा. मला खाण्याचे शब्द येतात, आणि आजी रागावली की म्हणायची ते."

मुग्धा भाषांतर करता करता थांबली, आणि समोरच्या मक्याकडे बघत राहिली.

माझ्या मनात एक प्रश्न केव्हाचा होता. "या गाडीने कुणाला मारलंय का, विचार."

"आत्या, असं विचारत नाहीत."

"का? तोफ दारात ठेवलेली चालते, विचारलेलं चालत नाही?"

तिने विचारलं. आर्नला राग आला नाही. त्याने सांगितलं, की त्याला माहीत आहे तेवढं तरी नाही. हिने सराव केला, आणि बर्फात रुतलेले ट्रक ओढले. आयुष्यभर तयारी केली आणि वेळ आलीच नाही. "नशीबवान गाडी," असं म्हणून त्याने तिच्या अंगावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

एका बाजूला टेबल मांडून करीन पोळ्या करत होती. हो, पोळ्याच. उकडलेला बटाटा आणि मैदा मळून, रेघारेघांच्या लाटण्याने पातळ लाटलेल्या, मोठ्या गोल तव्यावर भाजलेल्या. लेफ्से म्हणतात. उलटायला उलथनं नाही, हातभर लांब चपटी काठी. ती पोळीखालून सरकवायची आणि अलगद पलटायची. वर लोणी, साखर, आणि सुरळी. मी डोळे मिटून खाल्ली, तर लहानपणची तूप-साखर-पोळीच. करीनने काठी माझ्या हातात दिली. मला वाटलं, हे तर मला येणारच. पहिली पोळी मधोमध फाटली. दुसरी तव्याबाहेर गेली. करीनने हसत काठी परत घेतली आणि माझी पुरी तोंडात टाकली. मग बराच वेळ पाणी पीत होती.

ती बाई हसरी होती, पण सगळा वेळ तिची नजर बापाच्या मागे मागे.

आत

आर्नने मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. पुढे डाव्या अंगाला एक भोक, त्यातून आत उतरायचं आणि डोकं फक्त वर ठेवायचं. स्टिअरिंग नाही, दोन दांडे. मी समोर पाहिलं तर दूरचा मका आणि आभाळ. अगदी पुढ्यात काय आहे ते दिसेना. मागे वळून पाहिलं तर गाडीचीच पाठ. ज्या गवतावर मी एवढ्यात उभी होते, ते गवतसुद्धा दिसत नव्हतं.

"मग चालवतात कसे?" मी विचारलं.

"एक जण खाली पुढे चालतो," निखिल म्हणाला. "हाताने खुणा करतो. मागे घेताना एक जण मागे उभा राहतो. रूल आहे. आधी आर्नची बायको चालायची पुढे."

मग आर्न म्हणाला, चला, तुम्हाला एक फेरी मारून आणतो. आम्ही मागच्या बाजूला गेलो. गाडीची मागची भिंत अख्खी खाली उतरते आणि तिचीच चढण होते. आत दोन्ही बाजूंना बाकं, आणि जमीन इतकी लख्ख पुसलेली, की आमचा स्वयंपाकाचा ओटासुद्धा तितका नसतो. करीनने सकाळीच धुतली होती. रात्रीच्या दवाने माझ्या चपलांना चिखल लागलेला. मी काही विचारसुद्धा केला नाही. चढणीच्या कडेला, गवतावर, चपला जोडीने काढून ठेवल्या आणि अनवाणी आत गेले. कुणाच्याही घरात शिरताना करते तसं.

मुग्धा आणि निखिल माझ्यापाठोपाठ आले. मागची भिंत वर उचलली गेली, आत अंधार झाला, आणि इंजिनाचा आवाज माझ्या दातांपर्यंत आला. गाडीचं तोंड कोठाराच्या भिंतीकडे होतं, म्हणून आधी मागे घ्यावी लागणार होती. गाडी हलली. मग बाहेरून कुणाचं तरी ओरडणं, आणि धक्का देऊन आम्ही थांबलो.

भिंत उघडली तेव्हा करीन समोर उभी. पिठाने भरलेले हात दोन्ही गालांवर. तिने आम्हाला एकेकाला मोजल्यासारखं पाहिलं, शेवटी माझ्या अनवाणी पायांकडे, आणि तिथेच गवतावर बसली.

पट्ट्याखाली माझी डावी चप्पल होती. पापडासारखी झालेली. उजवी शेजारी जशीच्या तशी. करीनला टेबलापासून फक्त पट्टा आणि त्याखाली गेलेली बाईची चप्पल दिसली होती. चपलेत पाय नव्हता हे तिला कुठून दिसणार?

किल्ली

आर्न खाली उतरला. त्याने चप्पल उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला रडू आलं.

करीन ओरडली नाही. हळू बोलत होती, तेच जास्त वाईट. मला शब्द कळत नव्हते, पण ती गाडीच्या मागची रिकामी जागा दाखवत होती, जिथे एक माणूस उभा असायला हवा होता.

मी मुग्धाचा दंड धरला. "सांग तिला, चूक माझी आहे. बूट घालून कुणीही आत जातं इथे, मीच काढून ठेवल्या. मी त्या जागेवर बसले होते, तिथून काही म्हणजे काही दिसत नाही. त्यांचे डोळे चांगले आहेत म्हणावं."

मुग्धाने सांगितलं. करीनने ऐकून मान हलवली. "डोळ्यांचं नाहीच," ती म्हणाली. "दिसत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून तर रूल आहे. आज चप्पल होती."

आर्न म्हणाला, "मी थांबायला हवं होतं," आणि खिशात हात घालून किल्ली काढली. गाडीचं झाकण बंद करायच्या कुलपाची साधी किल्ली.

करीनने ती लगेच घेतली नाही. शेवटी तीच म्हणाली, एक फेरी. शेताच्या कडेने जाऊन परत कोठारापाशी. गाडी मागे घेताना निखिल मागे उभा राहील, मग वर चढून बसेल. पुढे एक जण चालेल. मग किल्ली निखिलकडे.

"आत्या चालेल पुढे," आर्न म्हणाला.

मी एवढी घाबरले की मला हे मराठीत ऐकू आल्यासारखं वाटलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण करीन माझ्या पायांकडे पाहत होती. ती आत गेली आणि रबरी बूट घेऊन आली. गुडघ्यापर्यंतचे, हिरवे. तिच्या आईचे. माझ्या पायांना जरा मोठे होत होते. तिने खाली बसून आत कागद कोंबून दिला.

तेवढ्यात मला वाटलं, यांचं मन जरा हलकं करावं. म्हणून सांगितलं, की आमच्याकडे ट्रकच्या मागे जुनी चप्पल टांगतात, नजर लागू नये म्हणून, तेव्हा माझी काही वाया गेली नाही. आर्नने निखिलला परत विचारून खात्री केली. मग कोठारातून तार आणली आणि ती चपटी चप्पल गाडीच्या मागच्या कडीला पक्की बांधली. करीन पहिल्यांदा हसली, पण डोळे पुसत.

पुढे चालताना

खुणा तीनच. दोन्ही हात स्वतःकडे ओढले की ये. एक हात बाजूला केला की त्या अंगाला वळ. दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली की थांब. बरंच पुढे, जरा डावीकडून चालायचं, म्हणजे त्याला मी दिसेन. मी पदराऐवजी ओढणी कमरेला खोचली, आणि पासपोर्टची पिशवी मुग्धाकडे दिली. ती नंतर म्हणाली, तेव्हा तिला खरी भीती वाटली.

मी हात ओढले. आणि ते एवढं धूड माझ्याकडे आलं. पायाखालची जमीन बुटांतून थरथरत होती. मी थांबले की ते थांबायचं, मी चालले की चालायचं. बालवाडीतल्या पोरांना प्रार्थनेला नेताना माझे हात असेच हलायचे, पण ती पोरं एवढं ऐकत नसत. वारा सुटला होता, मका वाजत होता, आणि झाकणातून आर्नचं डोकं दिसत होतं. पांढरे केस, लाल कान. त्याची नजर माझ्या हातांवर होती, दुसरीकडे कुठेच नाही.

शेताच्या कडेने आम्ही वळलो, लांबच्या कुंपणापाशी पुन्हा वळलो, आणि कोठार समोर आलं. लोकांना लांब ठेवायला बांधलेल्या दोरीपाशी करीन उभी होती. बघायला आलेले लोक दोरीमागे. आता फुली करायची, की संपलं.

संपूर्ण अमेरिकेत मी एक गोष्ट जपली होती, सांगतील तसंच करायचं. माझे हात खांद्यापर्यंत वर गेलेसुद्धा. आर्नने काही विनवलं नाही, खूण केली नाही. तो फक्त माझ्या हातांकडे बघत होता.

मी उजवा हात बाजूला केला. वळ.

"आत्या, फुली!" निखिल वरून ओरडला. "फुली करा, फुली!"

मला स्वच्छ ऐकू आलं. मी समजल्यासारखी मान डोलावली आणि पुन्हा तीच खूण केली. करीन एक पाऊल पुढे आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि दोरीपाशी मागे जाऊन उभी राहिली.

दुसरी फेरी आम्ही जरा सावकाश मारली. मग मी फुली केली. इंजिन बंद झाल्यावर इतका वेळ मका वाजत होता हे पुन्हा कळलं. आर्न उतरला, किल्ली करीनच्या हातात दिली, तिने निखिलला दिली. करीनने मुग्धाला विचारलं, की आत्या खूण विसरली का?

"सांग, मी नवी आहे," मी म्हणाले. "चुकलं."

करीनने बूट परत घेतले नाहीत.

गाडीत बसल्यावर मुग्धा म्हणाली, "तुला खूण नीट आठवत होती."

"हो."

"मग?"

"मग काय. दाराला थँक्यू म्हणते मी, त्यांना म्हणायचं राहिलं असतं."

नगर

बूट सामानात मावले नाहीत, म्हणून पायांत घालूनच विमानात बसले. उजवी चप्पल बॅगेत होती. ती मी टाकलेली नाही.

काल निखिलचा फोन आला. तिकडे बर्फ पडलाय. आता शनिवारी गाडी निखिल चालवतो, आणि पुढे आर्न चालतो, काठी टेकत, हाताने खुणा करत. मी विचारलं, "नीट करतात का खुणा?"

"बाकी सगळ्या बरोबर करून राहिले," निखिल म्हणाला. "कोठारापाशी आलो की फुली तेवढी विसरतात."